इलेक्ट्रिक स्कूटरचा अपघात: मनगट, झोप आणि विमा कंपनीचे तडजोडपत्र

संथगती (प्रश्न):

साधारण दोन महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेल्या, उभे राहून चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून जात असताना रस्त्याच्या कडेला थांबलेल्या एका मोटारीचे दार एकाएकी उघडले आणि त्यावर आदळून मी उजव्या हातावर पडले. मनगटाजवळ रेडियस हे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया करून प्लेट आणि स्क्रू बसवण्यात आले. डोकेही रस्त्यावर आपटले. हेल्मेट घातलेले नव्हते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, त्यामुळे ‘कन्कशन’ (मारामुळे मेंदूला बसलेला हादरा) असे निदान लिहून दुसऱ्या दिवशी घरी सोडण्यात आले. पोलिसांकडे नोंद झालेली आहे.

हाड जुळले आहे असे शल्यचिकित्सक सांगतात, परंतु मूठ अजून पूर्ण वळत नाही, बरणीचे झाकण फिरवता येत नाही आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबले की कळ येते. रात्री दचकून जाग येते. थांबलेल्या मोटारींच्या रांगेशेजारून पायी जातानाही छातीत धडधडते, म्हणून मी लांबच्या रस्त्याने जाते. चिडचिड वाढली आहे आणि वाचलेले लक्षात राहत नाही. हे डोक्याला लागलेल्या मारामुळे होत आहे की मनाच्या अवस्थेमुळे, हे कळत नाही.

अशा स्थितीत मोटारचालकाच्या विमा कंपनीने एक ठोक रक्कम देऊ केली आहे आणि सोबतचे पत्र सही करून पंधरा दिवसांत परत मागितले आहे. त्यात असे वाक्य आहे: ‘या अपघातातून उद्भवलेले ज्ञात व अज्ञात, आजचे व भविष्यातील सर्व दावे या रकमेत निकाली निघाले आहेत.’ हेल्मेट नसल्यामुळे माझा दावा मुळातच कमकुवत आहे, असे कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. घरातल्यांचे म्हणणे असे की सही करून मोकळे व्हावे, कोर्टकचेरीच्या मागे लागू नये. सही करावी का? आणि करायची नसेल, तर शरीर, मन आणि दावा या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने हाताळाव्यात?

हातखंडा:

मी हाताच्या पुनर्वसनाचे काम करते, त्यामुळे वैद्यकीय भागापुरतेच लिहिते. आपले एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे निदान समजू नये. आपल्या शल्यचिकित्सकांना नेमके काय विचारावे, एवढ्यापुरताच याचा उपयोग करावा.

उभ्या स्कूटरवर चाके लहान असतात, शरीराचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि दोन्ही पाय एकामागे एक ठेवलेले असल्यामुळे तोल गेला की पाऊल टाकून सावरायला वाव राहत नाही. माणूस पुढे फेकला जातो आणि हात आपोआप पुढे जातात. मनगट, खांदा, चेहरा आणि डोके यांच्या दुखापती या वाहनावर इतक्या वारंवार का दिसतात, याचे हेच कारण आहे. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात; पण हाड जुळणे वेगळे आणि हात कामाला येणे वेगळे. प्लेट बसवल्यानंतर दोन महिन्यांनी मूठ पूर्ण न वळणे ही अनपेक्षित गोष्ट नाही. सूज, न हलवल्यामुळे आखडलेले सांधे आणि व्रणाला चिकटलेले टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पकडीचा जोर परत यायला कित्येक महिने लागतात आणि त्यात वर्षभर सुधारणा होत राहू शकते. म्हणून ‘हाड जुळले’ हे वाक्य उपचारांची समाप्ती म्हणून वाचू नये.

अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या कळेबद्दल मात्र मला वाट पाहणे योग्य वाटत नाही. अंगठा ताणून बाजूला धरला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, एक छोटी खोलगट जागा दिसते. दाबल्यावर दुखते ती जागा नेमकी हीच असेल, तर स्कॅफॉइड या काजूच्या आकाराच्या हाडाला तडा गेला होता का, हे तपासायला सांगावे. या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. म्हणूनच संशय असेल तेव्हा दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा थेट एमआरआय करतात. त्याला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकातून होतो, त्यामुळे मधोमध तुटल्यास कोपराकडच्या बाजूचा तुकडा उपाशी राहू शकतो आणि जुळणे अवघड होऊ शकते. मोठ्या हाडाचे ऑपरेशन झाले की या शेजाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

दुसरी तपासणी घरीच करता येते. उजवा तळवा टेबलावर पालथा व सपाट ठेवावा आणि बाकीची बोटे न हलवता फक्त अंगठा टेबलापासून वर उचलून पाहावा. तो उचलला जात नसेल, किंवा कालपर्यंत उचलला जात होता आणि आज नाही असे झाले, तर अंगठा वर ओढणारे टेंडन तुटले असण्याची शक्यता असते. रेडियसच्या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी, कधी हाडाच्या खडबडीत कडेवर घासून तर कधी पुढे आलेल्या स्क्रूवर घासून, ते तुटते. अशा वेळी पुढच्या नियोजित तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.

हात विनाकारण तापतो किंवा गार पडतो, रंग बदलतो, घाम जास्त येतो, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही आणि वेदना दुखापतीच्या मानाने फारच जास्त आहे, असे काही असल्यास तेही सांगावे. याला १९९४ पासून कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम म्हणतात. हे लवकर ओळखणे महत्त्वाचे, कारण त्यावरचा मुख्य उपाय हालचाल हाच आहे आणि वेदनेच्या भीतीने हात जपून ठेवला की तो अधिकच बिघडतो. आपल्या वर्णनात असे काही मला दिसत नाही. तरीही विचारून ठेवते. धूम्रपान करत असल्यास ते थांबवावे, हाड जुळण्यात त्याचा अडथळा होतो.

डोक्याविषयी थोडक्यात. कन्कशननंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सापेक्ष विश्रांती आणि नंतर लक्षणे फार वाढणार नाहीत इतपत चालणे-फिरणे, असे आता सुचवले जाते. बहुतेक प्रौढ काही आठवड्यांत बरे होतात. दोन महिन्यांनंतरही स्मरण व एकाग्रतेची तक्रार असेल, तर ती डॉक्टरांच्या कागदावर नोंदवून घ्यावी आणि मान, दृष्टी व तोल यांची तपासणी मागावी. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत गेली, उलट्या होऊ लागल्या, एका बाजूला अशक्तपणा आला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे. मेंदूच्या आवरणाखाली सावकाश साठणारे रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकते. वयस्करांत आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

मनकवडा:

मी समुपदेशक आहे. ‘हे डोक्याचे की मनाचे’ हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की या टप्प्यावर दोन्ही एकमेकांत मिसळलेले असू शकतात. चिडचिड, झोपमोड आणि एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे कन्कशननंतरही दिसतात आणि आघातोत्तर ताणविकारातही दिसतात. मात्र त्या विशिष्ट धोक्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टींनी छातीत धडधडणे आणि त्या टाळण्यासाठी रस्ता बदलणे, हे डोक्याच्या माराने होत नाही. ते भीतीचे काम आहे.

अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात दचकणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे हे अनेकांना होते आणि बहुतेकांमध्ये ते आपोआप ओसरते. म्हणूनच आघातोत्तर ताणविकार, ज्याला पीटीएसडी म्हणतात, त्याचे निदान लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यावरच करता येते. आपण ती मर्यादा ओलांडली आहे. त्यामुळे आता ‘वेळ जाऊ द्या’ हा सल्ला पुरेसा नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून रीतसर मूल्यमापन करून घ्यावे असे मी सुचवीन. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार नोंदला गेला, तेव्हा युद्धावरून परतलेले सैनिक बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर होते. त्यामुळे असेल कदाचित, पण रस्त्यावर पडलेल्या माणसाला अजूनही ‘एवढ्याशा गोष्टीने’ असे ऐकावे लागते. आपल्यालाही ते ऐकावे लागले असेल, तर तिकडे लक्ष देऊ नये.

उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. आघातकेंद्री संज्ञानात्मक वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताची आठवण हाताळण्याची पद्धत) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. एकाच प्रसंगातून उद्भवलेला त्रास असेल तर साधारण आठ ते बारा सत्रे लागतात. झोपेसाठी बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या कोणी सहज देऊ केल्यास जपून. त्याच सूचनांत आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि पुढेही त्यांची सवय लागण्याचा धोका राहतोच.

टाळण्याबद्दल एक नेमकी गोष्ट सांगतो. लांबच्या रस्त्याने गेल्यावर जो सुटकेचा नि:श्वास पडतो, तोच भीतीला खतपाणी घालतो, कारण ‘वाचलो ते रस्ता बदलल्यामुळेच’ असा धडा मन त्यातून घेते. उलट दिशा अशी असते: प्रथम ओळखीच्या व्यक्तीच्या थांबलेल्या मोटारीपासून काही अंतरावर उभे राहायचे, त्या व्यक्तीने सांगून दार उघडायचे आणि धडधड निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचे नाही. मग तेच जवळून, मग न सांगता, मग रांगेशेजारून चालत. प्रत्येक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत करावी. हे उपचारकाच्या देखरेखीखाली करणे बरे. स्कूटरवर पुन्हा चढणे ही त्यातली शेवटची पायरी आहे आणि ती घेतलीच पाहिजे असे मुळीच नाही. पायी निर्धास्त फिरता येणे एवढेही उद्दिष्ट पुरेसे आहे.

कलमबहाद्दर:

मी वकील आहे. आपण देश सांगितलेला नाही, म्हणून सर्वत्र थोड्याफार फरकाने लागू पडेल असे लिहितो. अंतिम सल्ला स्थानिक वकिलाचाच घ्यावा. सहीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आज करू नये. ‘ज्ञात व अज्ञात, आजचे व भविष्यातील’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नसतात. उद्या स्कॅफॉइडचे हाड जुळले नाही असे निघाले आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तर तिचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न याच रकमेत आधीच मोजले गेले आहे, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. कंपनीची पंधरा दिवसांची मुदत ही तिने स्वतः ठरवलेली मुदत आहे, कायद्याची नव्हे. ती उलटल्याने आपला हक्क संपत नाही.

खरी मुदत वेगळीच असते आणि तीच सर्वांत आधी शोधावी. इथे देशादेशांत फार मोठा फरक आहे. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करण्यास सहा महिन्यांची मर्यादा घातली, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर कोणी थांबू नये. फ्रान्समध्ये दहा वर्षे मिळतात, आणि ती अपघाताच्या दिवसापासून नव्हे, तर प्रकृती स्थिरावल्याचे वैद्यकीयदृष्ट्या ठरते त्या दिवसापासून मोजतात. फ्रान्सचा हा विचार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण जखम किती भरणार हे कळल्याशिवाय तिचे मोल ठरवणे म्हणजे अंदाजपंचे व्यवहार होय. पण जिथे कायदा इतका उदार नाही, तिथे एक पेच उभा राहतो: लवकर तडजोड केली तर नुकसान अपुरे मोजले जाते आणि फार थांबले तर दावाच बाद होतो. त्यावरचा नेहमीचा मार्ग असा की मुदतीच्या आत दावा दाखल करून ठेवायचा, रक्कम मात्र शल्यचिकित्सकांचा आणि मानसोपचारतज्ज्ञांचा भविष्याविषयीचा लेखी अभिप्राय हाती आल्यावरच ठरवायची. दरम्यानच्या खर्चासाठी अंतरिम रक्कम मागण्याची सोय अनेक ठिकाणी असते.

दुसरा प्रश्न, ज्याकडे सर्वसाधारण अपघातात कोणी पाहत नाही: आपली स्कूटर कायद्याच्या दृष्टीने वाहन आहे की नाही? जर्मनीत जून २०१९ पासून अशा स्कूटरला ताशी २० किलोमीटरची वेगमर्यादा आणि विम्याचे चिकटपत्र बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये ती मोटारवाहनच मानली जाते. खासगी मालकीची स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, पण २०२० पासून चाललेल्या भाड्याच्या प्रायोगिक योजनांतील स्कूटरचा विमा ती भाड्याने देणारी कंपनी उतरवते. भारतात २५० वॉटहून कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची, ठरावीक वजनाच्या आतली बॅटरीवरची दुचाकी मोटारवाहनाच्या व्याख्येतच येत नाही, म्हणून तिला नोंदणी लागत नाही. आपल्या प्रसंगात धडक मोटारीच्या दाराशी झाली, त्यामुळे दावा मोटारीच्या विम्यावर जातो आणि हा प्रश्न थोडा मागे पडतो. तरी आपली स्कूटर त्या जागी, त्या वेगाने चालवण्यास परवानगी होती का, हे समोरचा पक्ष विचारणारच.

दार उघडण्याबाबत कायदा आपल्या बाजूने स्पष्ट आहे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराच्या चोविसाव्या कलमानुसार, इतरांना धोका होणार नाही याची खात्री केल्याशिवाय वाहनाचे दार उघडणे, उघडे ठेवणे किंवा खाली उतरणे मना आहे, आणि अनेक देशांच्या वाहतूक नियमांत अशाच अर्थाची तरतूद आहे.

हेल्मेटचा मुद्दा प्रतिनिधीने फोनवर काढला, लेखी नाही, हे लक्षात घ्यावे. हेल्मेट नसल्याने दावा नाहीसा होत नाही; फार तर काही वाटा कापला जाऊ शकतो, आणि तोही ज्या इजेशी हेल्मेटचा संबंध आहे त्या इजेपुरताच. मनगटाच्या हाडाशी हेल्मेटचे काय नाते? इंग्लंडमध्ये फ्रूम विरुद्ध बुचर या १९७५ च्या निकालात सीटबेल्ट न लावणाऱ्याची भरपाई, इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के आणि काहीशी सौम्य झाली असती तर १५ टक्के कापावी, असे सूत्र ठरले, आणि तोच विचार पुढे हेल्मेटकडे वळला. उलट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१४ मध्ये जवळजवळ आपल्यासारखेच प्रकरण आले होते: सायकलवरून जाणाऱ्या एका महिलेपुढे मोटारीचे दार उघडले, तिने हेल्मेट घातले नव्हते आणि डोक्याला गंभीर इजा झाली. खालच्या न्यायालयाने २० टक्के दोष तिच्याकडे ठेवला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला, कारण हेल्मेट सक्तीचे नव्हते आणि अपघाताच्या काळात, म्हणजे २०११ मध्ये, ते वापरण्याची सर्वसाधारण जाणीवही समाजात रुजलेली नव्हती.

आता पुराव्याचे. दुकानांच्या आणि इमारतींच्या सीसीटीव्हीचे चित्रण बहुधा केव्हाच पुसले गेले असेल, पण पोलिसांनी ते घेतले होते का, हे विचारावे. भाड्याच्या स्कूटरच्या नोंदींच्या रूपाने मात्र आपला एक साक्षीदार अजून असू शकतो. अशा स्कूटर प्रवासाची वेळ, ठिकाण आणि बऱ्याचदा वेगही भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे पाठवत असतात. आपण मर्यादेतच चालवत होता हे सिद्ध करायला त्या नोंदीइतके भक्कम काही नाही. त्या स्कूटर कंपनीला आजच लेखी कळवावे की त्या प्रवासाचा डेटा जपून ठेवावा आणि त्याची प्रत द्यावी. युरोपीय संघात डेटा संरक्षण नियमाच्या पंधराव्या कलमानुसार आपली माहिती मागण्याचा हक्क आहे आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. इतरत्र तसा कायदा नसला तरी लेखी मागणी उपयोगी पडते, कारण त्यानंतर नोंद नष्ट झाली तर कंपनीला त्याचे कारण द्यावे लागेल.

शेवटी, आपण विचारलेल्या क्रमाबद्दल. तो असा: मुदतीची तारीख शोधणे, मग उपचार, मग रक्कम. आणि उपचार व दावा यांना दोन वेगळी कामे समजू नयेत. अंगठ्याची कळ आपण इथे लिहिली, पण ती रुग्णालयाच्या कागदावर आहे का? नसेल तर सहा महिन्यांनी ‘ही तक्रार अपघातानंतर कधीच नोंदवलेली नाही, ती दुसऱ्या कशाने झाली असावी’ असे उत्तर येईल. मनाच्या त्रासाचेही तेच. ‘मला भीती वाटते’ एवढ्याला बहुतेक न्यायालये किंमत देत नाहीत. तज्ज्ञाने केलेले निदान आणि घेतलेले उपचार यांना देतात. तसेच रोजची वेदना, औषधे आणि न जमलेली कामे यांची रोजनिशी ठेवावी.

मनकवडा:

कलमबहाद्दर यांच्या बाकी सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, पण रोजनिशीला माझी हरकत आहे. रोज बसून वेदना मोजली की लक्ष तिच्यावरच खिळते, आणि दुखण्याकडे सतत लागलेले लक्ष दुखणे वाढवते. आमच्या आणि हातखंडा यांच्या उपचारांच्या हे नेमके विरुद्ध आहे. दाव्यासाठी नोंद हवीच असेल, तर आठवड्यातून एकदाच लिहावी आणि ती कामांच्या भाषेत लिहावी: या आठवड्यात काय करता आले, काय अर्धवट सोडावे लागले, कशासाठी दुसऱ्याची मदत घेतली. त्याचबरोबर अपघाताची हकीकत एकदाच नीट लिहून काढावी आणि विमा कंपनी, वकील, डॉक्टर जो विचारील त्याला तीच द्यावी. दर वेळी तोंडी सांगत बसल्यास माणूस पुन्हा पुन्हा त्याच रस्त्यावर जाऊन पडतो.

कलमबहाद्दर:

हरकत मान्य. आठवड्याची आणि कामांची नोंद न्यायालयात अधिक विश्वासार्हही ठरते. रोज ‘दहापैकी आठ’ असे आकडे लिहिलेली वही उलटतपासणीत फार काळ टिकत नाही.

दुचाकीस्वार:

अशाच अपघातात माझे गळपट्टीचे हाड मोडले होते. वरच्या तज्ज्ञांनी लिहिले नाही असे एकच सांगतो. विमा कंपनीचे प्रतिनिधी फोनवर अतिशय आपुलकीने ‘आता बरे वाटते ना?’ असे विचारतात आणि आपण सौजन्यापोटी ‘हो, बरे आहे’ म्हणतो. ते ‘बरे आहे’ पुढे त्यांच्या कागदपत्रांत जसेच्या तसे उमटते. त्यामुळे मी सर्व बोलणे ईमेलवर नेले. तसेच, समाजमाध्यमांवरचे एखाद्या समारंभातले हसरे छायाचित्रही आपल्याविरुद्ध पुढे ठेवले जाऊ शकते. काही काळ तिथे काही न टाकलेलेच बरे. मात्र आधीचे काही पुसू नये, त्याने उलट संशय वाढतो.

संथगती:

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. टेबलावर हात ठेवून पाहिले. अंगठा वर उचलला जातो, परंतु आपण सांगितलेल्या खोलगट जागीच दुखते, म्हणून शल्यचिकित्सकांची वेळ अलीकडची मागून घेतली आहे. स्कूटर कंपनीला डेटासाठी पत्र पाठवले आहे आणि विमा कंपनीला ‘उपचार सुरू आहेत, वैद्यकीय अभिप्राय आल्यावर कळवीन’ एवढेच लिहिले आहे.

एक शंका राहिली. काही वर्षांपूर्वी मी चिंताविकारावर उपचार घेतले होते. ते पूर्ण झाले आणि मी बरीही झाले. विमा कंपनीने आता माझ्या ‘सर्व वैद्यकीय नोंदी’ मिळवण्यासाठी संमतीपत्र मागितले आहे. जुने उपचार बाहेर आले तर आजचा त्रास मुळातलाच आहे असे ते म्हणतील, याची मला भीती वाटते. ते सांगू नये का?

कलमबहाद्दर:

लपवू नये. लपवलेली गोष्ट उघडकीस आली की तिच्यासोबत मनगटाविषयी आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद ठरतात. शिवाय जुना त्रास असणे हे कायद्यात आपल्या विरोधात जातेच असे नाही. अपघात घडवणाऱ्याला समोरचा माणूस जसा होता तसा स्वीकारावा लागतो, हे तत्त्व अनेक देशांत मानले जाते. इंग्लंडमध्ये पेज विरुद्ध स्मिथ या १९९५ च्या खटल्यात मोटारींच्या मध्यम स्वरूपाच्या धडकेत फिर्यादीला शारीरिक इजा काहीच झाली नव्हती, परंतु ओसरत आलेला त्याचा जुना दीर्घकालीन थकव्याचा आजार त्यानंतर उफाळून आला आणि कायमचा झाला. तिथल्या सर्वोच्च पीठाने तरीही चालकाला जबाबदार धरले. आपण पूर्वी बऱ्या झाला होता हे जुन्या नोंदींतूनच सिद्ध होईल, आणि ‘अपघाताआधी ठीक, नंतर बिघडले’ ही रेषा त्याने अधिक ठळक होईल.

संमतीपत्र मात्र आहे तसे सही करू नये. ‘सर्व नोंदी’ हे शब्द खोडून घ्यावेत आणि त्या जागी उजवा हात, डोक्याची इजा आणि मानसोपचार एवढेच विषय आणि अपघाताआधीची ठरावीक वर्षे लिहून घ्यावीत. किती वर्षे हे वकिलाशी बोलून ठरवावे. शक्य असल्यास नोंदी कंपनीने थेट न घेता आपल्या वकिलामार्फत जाव्यात आणि जे कागद गेले त्यांची एक प्रत आपल्याकडे राहावी. मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत जुन्या उपचारांविषयी सांगावे आणि आजची लक्षणे त्यापेक्षा कशी वेगळी आहेत, उदाहरणार्थ मोटारीच्या दारांची भीती तेव्हा होती का, हे त्यांच्या अहवालात स्पष्ट लिहून मागावे.

हातखंडा:

शल्यचिकित्सकांकडे जाताना अपघाताच्या दिवशीचे मूळ एक्स-रे सोबत न्यावेत, केवळ अहवाल नव्हे. स्कॅफॉइडचे हाड बाजूने व तिरके अशा खास कोनांतून पाहावे लागते आणि पहिल्या दिवशी ते कोन घेतले होते का, हे चित्रे पाहिल्यावरच कळेल. घेतले नसतील तर एमआरआय किंवा सीटी मागावे. प्लेटचा धातू एमआरआयच्या आड कितपत येईल, हे तेथील रेडिओलॉजिस्ट पाहून सांगतील. तोवर अंगठ्यावर भार टाकणारे व्यायाम थांबवावेत, बोटांचे आणि खांद्याचे चालू ठेवावेत.